बेटाला बांधलेली मोजकाठी

चिबायिश गावाच्या पूर्वेला, पाणथळीच्या मधोमध, चासिबचं बेट होतं. बोरू या उंच पाणगवताच्या मोळ्या आणि चिखल यांचे थर देऊन त्याने ते स्वतः उभारलं होतं. लांबीला वीस पावलं, रुंदीला बारा. वर बोरूचंच घर, बायको उम्म सब्री, म्हणजे सब्रीची आई, आणि अकरा म्हशी. चासिबला लोक अबू सब्री, म्हणजे सब्रीचा बाप, म्हणत. दर हिवाळ्यात नवा थर द्यायला चाळीस मोळ्या लागत. त्या तो एकटा कापी. वय एकसष्ट.

तरुणपणी ही पाणथळ आटवली गेली, तेव्हा त्याने बारा वर्षं वीटभट्टीवर विटा वाहिल्या. पुढे लोकांनी पाणी अडवणारे बांध फोडले, त्यात त्याचं फावडं होतं. पाणी परतलं तसा तोही परतला. मात्र एका कोरड्या उन्हाळ्यात निघायला उशीर झाला आणि त्याच्या सात म्हशी चिखलात रुतल्या. तीन बाहेर निघाल्या. चार त्याच्या डोळ्यांसमोर गेल्या.

म्हणून दोन वर्षांपूर्वी गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, सित इब्तिहाल, पाणी मोजायला माणसं शोधत आल्या, तेव्हा त्याने लगेच होकार दिला. बाईंनी सेंटिमीटरचे आकडे रंगवलेली काठी आणि वही दिली. चासिबने एकही सकाळ चुकवली नाही. मिजबिल हा त्याचा चुलतभाऊ आणि आणखी तीन घरं त्याच्या आकड्यावर चालू लागली. आकडा शंभराच्या खाली गेला की पूर्वेचं तळं ओलांडून उत्तरेच्या खोल पाण्याकडे निघायचं, असं ठरलं होतं.

मे महिन्यात बाई होडीने आल्या आणि वही उघडून बसल्या.

"अबू सब्री, तुमचा आकडा हलत नाही. गेल्या मे महिन्यात एकशे अठरा, आजही एकशे अठरा."

"पाणीच हलत नाही, तर आकडा कसा हलेल?"

"बाकी अठरा जणांचा उतरलाय."

"ते अठरा जण सकाळी उठतात किती वाजता, तेही विचारा एकदा."

बाई हसल्या. त्यांनी पिशवीतून छापील चित्रं काढली. उपग्रहाने वरून टिपलेली. निळं म्हणजे पाणी. एक गेल्या मे महिन्याचं, एक चार दिवसांपूर्वीचं. चासिबने कालव्याच्या वळणावरून नख फिरवत आधी आपलं घर शोधलं. मग पूर्वेचं तळं. पहिल्या चित्रात ते हाताच्या पंजाएवढं होतं, दुसऱ्यात करंगळीएवढं.

"हे वरून काढलेलं," तो म्हणाला. "बोरू दाट वाढला की खालचं पाणी त्याला कसं दिसणार?"

"दाट बोरूखालचं नाही दिसत. बरोबर बोललात. म्हणून तर तुमची काठी लागते. चित्रावरून पाणी कुठवर आहे ते कळतं, काठीवरून किती ते. दोघांचं जमत नसेल तर जाऊन बघायचं."

"मग चला. आत्ता."

"भाकरी खाऊन जा," उम्म सब्री आतून ओरडली. "पाणी काय पळून जातंय?"

"त्याचाच तर वाद आहे, ताई," बाई म्हणाल्या.

गुडघा दुखायला लागल्यापासून चासिब तळ्याकडे गेला नव्हता. चारा घराजवळच मिळे, आणि समोरचा कालवा खोल होता. आज तळ्याच्या तोंडाशी होडीचा तळ खरवडला. त्याने होडी रेटायचा बांबू खाली सोडला. तो घोट्याएवढा बुडाला. मग तो खाली उतरला आणि चिखलातून शंभर पावलं चालला. बोरू होता, हिरवा होता. खाली पाणी नव्हतं. चित्र खरं होतं.

तो होडी वळवून परतला. बेटावर येऊन काठीसमोर बसला. आकडा तोच. दोन हिवाळ्यांत त्याने ऐंशी मोळ्या घातल्या होत्या. उंबरा मात्र पाण्यापासून होता तेवढ्याच उंचीवर. मग ऐंशी मोळ्या गेल्या कुठे? खाली. त्याने काठीभोवतीच्या दोराला हात लावला.

"बाई, म्हशी मान घासून काठी पाडायच्या. म्हणून मी ती बेटाला बांधली. बेट बसत गेलं, तशी काठीही बसली. पाणी उतरलं तेवढेच आम्हीही उतरलो."

"काठी कुठे बांधली, हे दोन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

चासिबने वही फाडायला हात घातला. बाईंनी तो धरला.

"फाडायचं नाही. बांधली कधी ते लिहा. त्याआधीचे आकडे चालतील. नंतरच्यांवर शेरा मारू."

त्याने लिहिलं. मग चित्र पुन्हा जवळ घेतलं. उरलेल्या पाण्यातून एक बारीक निळी रेघ थेट उत्तरेला जात होती.

"हा ओहोळ आहे का?" बाईंनी विचारलं.

"जुना कालवा. माझ्या बापाच्या पिढीने खणला. तळ घट्ट आहे, म्हशी चालतील. रेघ तुटायच्या आत निघायला हवं."

तसाच तो मिजबिलकडे गेला. अंगणात शेजारीही बसले होते.

"काल म्हणालास राहा, आज म्हणतोस चला," मिजबिल म्हणाला. "डोक्यात पाणी शिरलं की काय?"

"काठी चुकीची बांधली होती. मी बांधली होती."

"दोन वर्षं रोज सकाळी तिला सलाम ठोकत होतास की रे!"

"हो. आता उठ, सामान बांध."

"आणि तो आकाशातला डबा चुकला तर?"

"मी पाय घालून आलोय. बघ, चिखल अजून वाळला नाही."

मिजबिलने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि चहाचा पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाच घरांच्या त्रेचाळीस म्हशी निघाल्या. चासिब पुढे, बांबूने तळ चाचपत. पाणी म्हशींच्या पोटाला लागत होतं, त्याहून वर कुठेच नाही. मिजबिलची एक म्हैस कालव्याबाहेर गेली आणि रुतली. तिच्या पोटाखाली चटया सारून चौघांनी दोर ओढला. दोन तास गेले. हातांची सालं निघाली. म्हैस बाहेर आली.

दुपारी खोल पाणी आलं. म्हशी न थांबता आत शिरल्या. वर फक्त नाकं आणि शिंगं उरली.

"डास बघ इथले," मिजबिल म्हणाला. "चिमणीएवढे."

"म्हशी मोज."

मिजबिलने मोजल्या. मग पहिल्यापासून पुन्हा मोजल्या.

"त्रेचाळीस," तो म्हणाला, आणि बोरू कापायला कोयता शोधू लागला.