दोन लाइनींची मोळी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या कचेरीत. मुख्याध्यापक संगणकावर काम करत होते आणि लाइनी जोडायला आलेल्या या माणसाने राउटरची चालू केबल उपटली.

"अहो, चालू असताना कशाला काढलीत?" मुख्याध्यापक ओरडले.

"बंद असताना काढून काय कळणार?" तो म्हणाला.

पडद्यावरचं काम थांबलं नव्हतं. शाळेच्या दोन इमारतींमध्ये दोन सीरियल लाइनी, म्हणजे संगणकांचा मजकूर वाहून नेणाऱ्या तारा होत्या, आणि राउटरला सांगून त्याने त्यांची एक मोळी बांधली होती. राउटर मजकुराचे तुकडे करून काही या लाइनीने, काही त्या लाइनीने धाडतो, पलीकडचा राउटर ते जोडून घेतो. एक लाइन तुटली तरी दुसरी गाडा ओढते.

"खोट इथेच आहे, बाई," तो मला म्हणाला. "एक मेली तरी दुसरी बोंब मारत नाही."

पुढे तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आला. काही सुरळीत चाललं की याचा चेहरा पडे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. हा ते आधी शेजाऱ्याला पाजून बघेल, अशी थट्टा चाले. नाव पडलं खात्रीराव. माझ्या घराची दुसरी चावी मात्र मी त्याच्याकडेच ठेवली होती. अशा माणसाकडे चावी हरवत नाही.

शहरातल्या रुग्णालयाच्या लाइनी तोच सांभाळे. दुसरं टोक होतं रुग्णालयाच्याच रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि तिथला राउटर त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान सांभाळत. आई गेल्यावर याला वाढवलं ते ताईने, आणि या धंद्यात आणलं ते भाऊजींनी.

एकदा रक्ताचे अहवाल गोगलगायीसारखे येऊ लागले. डॉक्टर कुरकुरले. याने पाहिलं तर मोळीतली एक लाइन बाहेर पडलेली. लाइन जुळताना राउटर एकमेकांना पासवर्ड विचारतात, आणि याच्या पडद्यावर लिहून आलं होतं, पलीकडून चुकीचा पासवर्ड येतो आहे.

संध्याकाळी तो माझ्या दारात उभा.

"पलीकडे कोण बसतं, बाई? भाऊजी. मग पासवर्ड कोणी बदलला? ती लाइन त्यांनी दुसऱ्याच कामाला जुंपली आहे. उद्या रुग्णालयाच्या साहेबांना सांगतो."

"साहेब त्यांना काढून टाकतील."

"टाकू देत."

"मग ताईच्या घरात कोणत्या तोंडाने जाशील?"

तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "म्हणून तर आधी स्वतः बघणार. तुम्ही साक्षीला चला."

प्रयोगशाळेतली राउटरची खोली गार होती. नमुन्यांच्या फ्रिजांमागे भाऊजी स्वेटर घालून बसले होते.

"या बाई. आज साक्षीदार आणलाय, म्हणजे उद्या पोलीस."

"पासवर्ड दाखवा," हा म्हणाला.

भाऊजींनी पडदा वळवला. "तूच टाकून गेला होतास. मी बोट लावलेलं नाही."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्टूल ओढून बसला.

"हा जुना आहे," तो म्हणाला.

"जुना? मग नवा कुठला?"

"मी बदलला होता. माझ्या टोकाला. उन्हाळ्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला सांगितला तर बदलून उपयोग काय?"

भाऊजींनी स्वेटरची बाही नुसतीच खाली ओढली.

"मी स्वतः येऊन इथे टाकणार होतो," तो हळूच म्हणाला. "मग तापाने पडलो, आणि राहूनच गेलं."

जुळलेल्या लाइनीला कोणी पुन्हा पासवर्ड विचारत नाही, म्हणून दोन्ही चालत राहिल्या. परवा एक लाइन क्षणभर तुटली, आणि परत येताना दारातच अडवली गेली.

"दुसरीही तुटली असती तर?" मी विचारलं.

"सगळे अहवाल अडकले असते," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे चोरही तूच आणि शिपाईही तूच," भाऊजी म्हणाले. मग त्यांनी फोन उचलला. "अगं, तुझा भाऊ आलाय. भांडायलाच आला होता. नाही, आता नाही भांडत. जेवायला घेऊन येतो."

नवा पासवर्ड त्याने एकेक अक्षर मोठ्याने सांगितला. सांगताना कान लाल झाले होते. भाऊजींनी तो टाकला आणि गेलेली लाइन मोळीत परतली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चूक आपली असल्याचं त्याने सांगितलं. साहेबांनी फटकारलं, पण काम काढून घेतलं नाही.

अजूनही तो मधूनमधून चालू केबल उपटून पाहतो. त्याआधी भाऊजींना फोन करतो.