रिकाम्या फरशीवरचा ब्रेक

अकोल्याच्या डॉक्टर बाईंनी माझ्या पायाचा एमआरआय बाजूला सारला आणि म्हणाल्या, पीटीएसडी आहे. म्हणजे जबर धक्का बसल्यावर धोका टळतो, पण शरीर त्याच क्षणात अडकून राहतं. मला रागच आला. मी आलो होतो उजवा पाय घेऊन, आणि बाई मनाचं सांगत होत्या.

बावीस वर्षं मी अमरावती-अचलपूर बस चालवतो. एके दिवशी वलगावच्या पुढे एक स्कूटरवाली बाई घसरून बससमोर पडली. मी ब्रेक दाबला, पण ती वाचली नाही. चूक माझी नव्हती, असं पोलिसांनीही लिहिलं.

महिन्याभरात पाय लाकडासारखा ताठ झाला. एक्स-रे नॉर्मल, नसांची तपासणी नॉर्मल. डेपोत कुजबुज सुरू झाली की गडी सोंग करतो. फिटनेसचा दाखला मिळाला नाही तर स्टिअरिंग कायमचं सुटणार होतं.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला, म्हणजे व्यायामाच्या उपचाराला पाठवलं. तिथल्या मॅडम मी बाहेर ताटकळत बसलेलो असतानाच मला पाहत होत्या. मग आल्या, खाली बसल्या आणि माझ्या चपलेखाली हात सरकवू लागल्या. बोटभरही जाईना.

"काका, पाय कावून दाबून राहिले?"

"मी कुठं दाबून राहिलो?"

"तुमी अजून ब्रेकच मारून राहिले."

आम्हा ड्रायव्हरांची ही खोडच. दुसऱ्याच्या गाडीत बसलो तरी रिकाम्या फरशीवर ब्रेक मारतो. बायकोनेही तेच समजून हसण्यावारी नेलं होतं. मी मात्र जेवताना, झोपेतसुद्धा पाय रोवून होतो.

डोळे मिटून तळव्याखाली काय लागतं ते सांगायचं, श्वास सोडताना टाच सैल करायची, एवढाच व्यायाम. तोही जमेना. पाय सोडला की बस पुढे जाईल असं वाटून छाती धडधडे.

अकराव्या दिवशी त्यांनी उभं करून पाय झटकायला लावला. तो थरथरू लागला, थांबेचना. मी घाबरलो. "थरथरू द्या, धरू नोका," त्या म्हणाल्या. त्या स्कूटरवाल्या बाईसाठी मी तेव्हा पहिल्यांदा रडलो.

"मी उशिरा तं नाही न दाबला?"

"नाही काका. दाबला तुमी. आता सोडा."

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वतःला ढोंगी समजू नका, एवढंच सांगायचं आहे. पाय हळूहळू सुटला, दाखलाही मिळाला, आणि मी पुन्हा तीच फेरी चालवतो. त्या जागी अजून घाम फुटतो. मनातल्या मनात हात जोडतो आणि पाय हलका ठेवतो. मागे पन्नास माणसं बसलेली असतात.