रुपीचा फोटो

मुंबईच्या एका संस्थेने जव्हारच्या वसतिगृहातल्या मुलींना कॅमेरे दिले, तेव्हा माघी अकरावीत होती. संस्थेच्या शर्वरी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वयाच्या मुली कशा जगतात ते तुम्हीच दाखवा. इथेच जव्हारला मोठं प्रदर्शन भरवू."

दिवाळीच्या सुट्टीत माघी घरी पोशेऱ्याला न जाता आधी दाभोशाला उतरली. तिथे रुपीचं सासर. दोघी एकाच पाड्यातल्या, नववीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. मग रुपीचं लग्न लावून दिलं. आता तिला सातवा महिना होता.

रुपी अंगणात नाचणी पाखडत होती. माघीला बघून तिने सूप खाली टाकलं. कॅमेरा पाहिल्यावर तर तिला चेवच चढला. माघीची कॉलेजची बॅग तिने स्वतःच्या पाठीला अडकवली, पोट पुढे काढून ऐटीत उभी राहिली आणि खदखदून हसली.

"हा काढ. कोण बघंल याला?"

"मॅडम बघतील. आन आमच्या पोरी."

"मंग काढ."

प्रदर्शनात तोच फोटो दारासमोर लागला, माणसाएवढा मोठा. माघीने नाव सुचवलं होतं 'रुपी हसते'. खाली छापलं होतं 'हरवलेलं बालपण'. साहेब लोक त्याच्यापुढे थांबत, मान हलवत. एकाने विचारलं, "कुठली ही मुलगी?" मॅडमनी कौतुकाने माघीला पुढे केलं. "हिची मैत्रीण आहे. दाभोशाची." माघी मॅडमना थांबवणार होती, पण तोवर शब्द तोंडातून गेलेला होता. तिच्या नव्हे, पण गेलेला होता.

पुढच्या आठवड्यात दाभोशात सरकारी गाडी आली. रुपी अठराच्या आतली, म्हणून तिचा नवरा दिपेश, एकवीस वर्षांचा, त्याला नेलं. रुपीला दूरच्या निवारागृहात ठेवलं. बाळंतपण तिथेच झालं, जवळ ओळखीचं कोणी नव्हतं. सासू गोदी म्हणाली, या पोरीने घर बुडवलं, परत पाय ठेवायचा नाय. मग बापाने रुपीला पोशेऱ्याला आणलं.

कायद्याने बरोबरच केलं, असं वसतिगृहात सगळे म्हणत. माघीलाही ते खोटं म्हणता येईना.

ती रुपीला भेटायला गेली. रुपी ओटीवर बाळाला पाजत बसली होती. माघीने बाळासाठी आणलेलं झबलं पुढे केलं. रुपीने हात लावला नाही.

"मना कायच म्हायत नव्हतं," माघी म्हणाली. "शपथ."

रुपीने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. मग म्हणाली, "त्या दिशी तू आलीस, तवा मना वाटला तू मना भेटाय आलीस."

माघीने जव्हारला जाऊन मॅडमना फोटो काढून टाकायला सांगितलं. मॅडम हळहळल्या. प्रदर्शन आता मुंबईला चाललं होतं आणि सगळ्यात जास्त बोललं जात होतं ते याच फोटोबद्दल. "आपण चेहरा पुसट करू. ओळखूच येणार नाही. आणि तू ये ना, दोन शब्द बोल."

माघी गेली नाही. पण मुंबईच्या हॉलमध्ये लागलेला तो फोटो कुणीतरी मोबाइलवर टिपून तिला पाठवला. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग होता. हसू गेलं होतं. राहिलं होतं पोट आणि पाठीवरची बॅग. कॅमेरा तिने परत केला. मॅडम म्हणाल्या, इतकी चांगली नजर आहे तुझी, असं करू नकोस.

पाऊस संपल्यावर रुपी बापाबरोबर वीटभट्टीवर निघाली. मोखाड्याच्या स्टँडवर जीप भरत होती. माघी त्याच जीपने जव्हारला जाणार होती. रुपी मधल्या सीटवर बाळ घेऊन बसली होती आणि तिच्या शेजारी एकाच माणसापुरती जागा रिकामी होती. माघीने आत पाय टाकला. रुपीने पायाजवळचं गाठोडं उचललं आणि त्या जागेवर ठेवलं.

माघी खाली उतरली. दुसरी जीप तासाभराने होती.