एकच हार होता

काल टीव्हीवर एका पुढाऱ्याला क्रेनने हार घालताना पाहिलं आणि जुनी गोष्ट आठवली... एका हाराचा घोटाळा माझ्या हातून झालेला आहे. सत्तर वर्षं होत आली, अजून तो मला उलगडलेला नाही.

तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांचा, चौथीत शाळा सोडलेला. शिरगावात मारुतीच्या देवळापुढे मंडप घातला होता. नव्या रस्त्याचा नारळ फोडायला मोठे पुढारी येणार होते.

वडिलांनी बजावलं होतं, "नीट वाग. साहेबांनी शब्द टाकला तर अंबरनाथच्या कारखान्यात चिकटशील." हार सांभाळायचं काम माझ्याकडे. कल्याणहून आणलेला, निशिगंधाचा, गुडघ्यापर्यंत येणारा... आणि एकच.

साहेब चारला येणार होते. सहा वाजले तरी पत्ता नाही. माणसं उठायला लागली, म्हणून गावच्या बुवांना कीर्तनाला उभं केलं.

कीर्तनाच्या मध्यावर बुवांना हार घालायचा आणि सगळ्यांनी पाया पडायचं, ही आमच्याकडची रीत. पेटी थांबली, बुवांनी माझ्याकडे पाहिलं... आणि मी सवयीने उठून हार घातला, पायाही पडलो. वर पाहिलं तेव्हा कळलं, हा तर साहेबांचा हार!

तेवढ्यात मोटारीचा हॉर्न वाजला.

साहेब आत आले, पुढे उभे राहिले, मान जरा वाकवून. हाराची वाट बघत... माझे हात रिकामे. वडील माझ्याकडे बघेनात. मी बुवांना कसंबसं म्हणालो, "बुवा, चुकलं... तो हार त्यांचा होता."

बुवा हसले. मोठ्याने म्हणाले, "साहेब, हार देतो, पण एक ऐका. मी इथे उभा आहे तोवर माझे वडीलसुद्धा माझ्या पाया पडतात. खाली उतरलो की मी त्यांच्या पाया पडतो. मान या जागेचा आहे, माझा नाही. तुमच्याकडे कसं असतं?"

मागून आमची काशीआत्या ओरडली, "आरं बुवा, त्यांच्याकडं उतरतंय कोण!"

माणसं हसून लोळली. मी मात्र साहेबांकडे बघत होतो... त्यांचा चेहरा लाल झाला होता. तो रागाने की घाईने आल्यामुळे, काही कळेना. त्यांनी वहाणा काढल्या, बुवांच्या पाया पडले आणि बुवांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्यांना घातला.

जाताना त्यांनी माझं नाव विचारलं आणि डायरीत लिहून घेतलं. कशासाठी? महिनाभर मला अन्न गोड लागलं नाही. मग कारखान्यातून बोलावणं आलं.

पुढे काही वर्षांनी साहेब शहाड स्टेशनवर दिसले. निवडणूक हरलेले, हातात पिशवी, बरोबर कोणी नाही. मी वाकलो तर मागे सरकले. "आता कशाला रे? मी उतरलो की." आणि खळखळून हसले.

डायरीत नाव का लिहिलं होतं, ते विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं... धीर झाला नाही.

नोकरी हारामुळे लागली की हाराची चूक होऊनही लागली, मला आजही माहीत नाही. संध्याकाळी दिवा लावताना दोघांनाही हात जोडतो... आधी बुवांना की साहेबांना, तिथेही रोज गोंधळ होतो.