नारळाशिवाय विचारलेला धवला

माझा धाकटा रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. चार जाड तारांची गिटार, तिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त लागतो. गाणारा पुढे नाचत असतो, ड्रमवाला घामाघूम होतो, आणि आमचा हा मागे, खांबाला टेकल्यासारखा उभा. फोटोत तर अर्धाच येतो. कितीदा म्हटलं, अरे, पुढे सरक की जरा. तर म्हणतो, "आई, मी मागे आहे म्हणून ते पुढे नाचतात." असेल बाबा.

मग एक दिवस म्हणाला, "आई, माझा एकट्याचा अल्बम काढतोय."

"बँड सोडलास?"

"नाही गं. बँड आहेच. हा फक्त माझा. गाणी माझी, गाणारही मीच."

आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा नवरा-नवरीच्या आधी सगळ्या भावकीची नावं येतात. एकट्याचं काही निघू शकतं हेच मला नवीन. पण आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्या आनंदातच तो म्हणाला, "त्यात एक धवला घ्यायचाय."

धवला म्हणजे, माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्या लग्नांत बायका म्हणतात ते गाणं. हळदीचा वेगळा, मांडवाचा वेगळा. पुढची बाई ओळ टाकते, मागच्या ती झेलतात, म्हणजे तीच ओळ उचलून परत म्हणतात. वज्रेश्वरीच्या बाजूला आमचं गाव, आणि त्या बाजूला पुढची बाई म्हणजे मी. कामतघरला, कापडाच्या लूमच्या कारखान्यांशेजारी, राहायला येऊन जन्म गेला, तरी हळद असली की गावाहून मला न्यायला गाडी येते. माझ्या मागे झेलायला माझी धाकटी जाऊ. ती गावीच असते. आवाज बारीक, स्वभाव त्याहून बारीक.

आता यातली एक रीत समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धवला म्हणणारीला नुसतं "चला" म्हणत नाहीत. नारळ आणि पानसुपारी पुढे करायची. ती म्हणणार, गळा बसलाय. परत विनवायचं, तर म्हणणार, दुसरी कुणी बघा. मग एखादी मोठी बाई हात धरून उठवते, तेव्हा कुठे ती उठते. पहिल्याच हाकेला उठली तर आमच्यात तिला हपापलेली म्हणतात. माझी आई तर अशी नाही म्हणायची की नवरीची आई रडकुंडीला यायची, आणि मग असं म्हणायची की मांडव गप्प व्हायचा.

तर मी भाकरी थापत होते. पोरगा दारात उभा, हातात मोबाइल. "आई, हळदीचा धवला म्हणतेस का? रेकॉर्ड करतो."

मी म्हटलं, "न्हाय रं बाबा, आता कुठला गळा माझा."

"बरं, ठीक आहे. उगाच त्रास नको तुला." आणि मोबाइल खिशात टाकून धामणकर नाक्याची रिक्षा धरायला निघूनसुद्धा गेला.

मी पिठाचे हात घेऊन उभी. परत विचारेल म्हणून दुसरं "नाही" तोंडात तयार ठेवलेलं, ते तसंच राहिलं. त्याने बिचाऱ्याने मायेनेच ऐकलं माझं. पण कुठली माया एका "नाही"त ऐकते, सांगा.

रविवारी तो गावी जाऊन आला आणि जेवताना म्हणाला, "काकूने म्हटला. एकदा विचारलं आणि लगेच बसली."

बसणारच की. नाही कशी म्हणेल? नाही म्हणायची सवय लागायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. तिला आजवर विचारलं कुणी होतं?

मी ताटात भात वाढला आणि म्हटलं, "चांगलं केलंस. इथे लूमची खडखड, तुझं काही नीट झालं नसतं." पुढे हेच कारण मी सगळ्यांना दिलं. खडखडीमुळे गावी करावं लागलं.

अल्बम आला. आता अल्बम म्हणजे हातात धरायला काही नसतं, मोबाइलवरच येतो. पोराने छोटा स्पीकर लावून ऐकवला. त्याची स्वतःची गाणी छान आहेत. आणि मग ते सातवं, धवल्याचं. आधी लांबून कोंबडा ओरडतो. त्याने तो काढलासुद्धा नाही. म्हणजे बघा, कोंबडा चालतो, लूम चालत नाही. मग जावेचा बारीक आवाज. एक ओळ म्हणते आणि थांबते. चांगली थांबते. मग दुसरी ओळ. त्या थांबण्यात ह्याची गिटार येते, हळू, पाण्यात पाय टाकल्यासारखी.

"रेंगाळते ती," मी म्हटलं. "धवल्यात असं थांबत नाहीत. पुढची ओळ लगेच पडायला हवी."

"आई, ती थांबते ना, तिथेच तर गाणं आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना तेच आवडतंय."

सगळ्यांना. मला ते सगळे कोण ते बघायचं होतं.

दोन दिवसांनी जावेचा फोन. "बाई, ऐकलात का वो? मी कसा म्हटलाय?"

"ऐकलं गो. कोंबडा छान आलाय."

ती खळखळून हसली. तिला टोमणा कळतच नाही, हेच तर तिचं वाईट आहे. भांडायचं कुणाशी?

वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली. तिचा नवरा लूमवर रात्रपाळी करतो, ती दिवसा मोबाइल हळू आवाजात ऐकते. म्हणाली, "अम्मा, आपके बेटे के गाने में वो आप ही हैं ना? क्या आवाज़ है." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. म्हटलं, "चाय पियेगी?"

मग उन्हाळ्यात पुतणीची हळद आली. गावाहून गाडी आली तशी गेले. पोरगाही आला. मांडवात पोरीबाळी जावेभोवती, काकी, तुझं गाणं मोबाइलमध्ये हाय. नवरीची आई, म्हणजे आमची मधली जाऊ, नारळ घेऊन उठली आणि माझ्या देखत धाकटीकडे वळली. धाकटीने पदर सावरला आणि म्हणाली, "न्हाय वो, माझा गळा बसलाय."

दर हळदीचं माझंच वाक्य, माझ्याच सुरात. शिकली होती तर.

दुसऱ्यांदा विचारायला मधली तोंड उघडणार, तोवर मी उभी राहिले. "आण तो नारळ इकडे." कुणीतरी मागे खुसखुसलं. हपापलेली तर हपापलेली. नारळ घेतला, ओटीत टाकला आणि ओळ टाकली.

जावेने ती झेलली. अशी झेलली की माझी ओळ जमिनीला लागली नाही. पुढची टाकली, तीही झेलली. मध्ये सुई जाईल एवढी फट नाही. नवरीला हळद लागेपर्यंत आम्ही दोघी सुटलो नाही, आणि शेवटी माझा गळा खरंच बसला.

पोरगा पाण्याचा तांब्या घेऊन आला. काकूला म्हणाला, "काकू, आज तू मध्ये थांबलीच नाहीस. माझ्याकडे किती थांबलीस."

"अरे, आज का म्हणून थांबू?" ती म्हणाली. "आज बाई हायेत ना पुढे. तुझ्याकडं एकलीच होते. आधी मनात यांची ओळ ऐकायची, मगच मला म्हणता येते. त्याला येळ लागणारच."

तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी पाणी पीत होते. म्हणजे त्या गाण्यात मी होते तर, पण अशा जागी, जिथे काहीच ऐकू येत नाही आणि गिटार वाजते. यावर खूश व्हायचं की रडायचं, माझं अजून ठरलेलं नाही. नाव तर तिचंच आहे.

थोड्या वेळाने तो माझ्या शेजारी येऊन बसला. मोबाइल हातात होता. "आई, एकदा म्हणशील? परत करूया. तुम्ही दोघी."

आणि तोंडातून निघालं, "न्हाय रं बाबा, गळा बसलाय." या वेळी ते खरंही होतं.

मग त्याच्या हाताकडे बघत राहिले, तो खिशाकडे जातो की काय म्हणून.