पुढाऱ्याचा पिच्चर आणि आमचे प्रेक्षक

मी थेटरचा मॅनेजर. एकाच मालकाची दोन थेटरं, एक अमरावतीत राजापेठेजवळ, दुसरं अकोल्यात. चार दिवस इथं, तीन दिवस तिथं. या नोकरीत एकही पिच्चर धड पाहून होत नाही, पण पाहणारे इतके भेटतात की किस्से आपोआप साचत जातात. मध्यंतरी एका दिवंगत पुढाऱ्याच्या आयुष्यावरचा पिच्चर लागला, तेव्हा तर विचारूच नका! पुढाऱ्याचं नाव सांगत नाही. त्यांचे भक्त आणि विरोधक, दोघंही आमचेच गिऱ्हाईक.

*

अमरावतीत पहिला शो कार्यकर्त्यांनी अख्खा बुक केला. ढोल, हार, घोषणा. इंटरव्हलला त्यांचे एक जुने पदाधिकारी तणतणत केबिनमध्ये आले.

"जेलात साहेबांसंगं कोण होतं? मी होतो! अन् पिच्चरमधी साहेब एकटेच बसून राहिले!"

"दादा, पिच्चर आम्ही नाही बनवला."

"मंग बाहेर पोस्टरवर तरी माझा फोटो लावा!"

लावला. दुसऱ्या दिवशी खिडकीवर दोन पोरी विचारत होत्या, "यातला हीरो कोणता?"

*

एक वकीलसाहेब. उभा जन्म त्या पुढाऱ्याच्या विरोधात भाषणं ठोकलेली. मॅटिनीला आले ते तोंडाला दुपट्टा बांधून, हातात डायरी.

"मागची सीट दे. कुठं कुठं खोटं दाखवलं, लिहून घ्याले आलो."

पुढाऱ्याची आई वारते त्या सीनला मी आत डोकावलो. वकीलसाहेब दुपट्ट्यानं डोळे पुसत होते. सुटल्यावर विचारलं, "किती चुका सापडल्या?"

"अबे, अंधारात लिहिता येते का!"

*

वलगावचे चौघं, मार्केटात भाजी विकून थेट थेटरात. पडद्यावर तरुण पुढारी पहिल्या पावसात पेरणी करतोय, हळवं संगीत, हॉल चिडीचूप. तेवढ्यात त्यांच्यातले वयस्क बाबाराव उभे राहिले.

"अबे, हा पेरून राहिला अन् बाजूच्या पऱ्हाटीले कापसाची बोंडं फुटली! कोणता महिना होय हा?"

हॉल हसून लोटपोट. पुढच्या भाषणाला एक टाळी पडली नाही. बाहेर पडताना बाबाराव मला म्हणाले, "भाषण खरं का खोटं, आपल्याले समजत नाई. पेरणी खोटी होती."

*

अकोल्यात एक रिटायर्ड जोडपं, मास्तर आणि बाई. मास्तर पुढाऱ्याचे भक्त, बाई कट्टर विरोधात. तिकिटं मागितली दोन वेगळ्या रांगांतली. इंटरव्हलला मात्र एकाच पुड्यातले पॉपकॉर्न खात उभे!

मी हसलो तर बाई म्हणाल्या, "मतदानालेबी आमी एकाच गाडीवर जातो. अन् एकमेकाचं मत कापून येतो!"

*

अकोल्यातच बाळापूरकडची एक म्हातारी आली, पुतण्याला घेऊन. तिकीट काढलं आणि बाहेर बाकावर बसून राहिली. दर दहा मिनिटांनी विचारायची, "शेवट आला का?"

मी म्हटलं, "काकू, आत बसा न."

"मले पिच्चर नाई पाहाचा. शेवटी खरा मोर्चा दाखवतात म्हणे, जुन्या काळचा. त्यात आमचे मालक आहेत, असं हा सांगते. मालक जाऊन लय वर्सं झाले. घरी त्याहीचा एक फोटो नाई."

शेवट आला. ती आत गेली. पब्लिक उठून चाललं होतं. पुतण्या ओरडला, "काकू, तो पाहा! झेंडेवाला!" मी ऑपरेटरला हात केला. चित्र थांबलं. पांढरा सदरा, खांद्यावर झेंडा, तोंड घोषणेसाठी उघडलेलं. वय फार तर पंचवीस.

म्हातारी पडद्याजवळ गेली. हात वर केला, तो त्याच्या पायापर्यंतच पोचला. बाहेर निघालेली माणसं दारातच थांबली.

मी हळूच विचारलं, "तेच का?"

"तेच," ती म्हणाली. "मले सांगून गेले होते, ढोरायसाठी सरकीची ढेप आनाले चाललो म्हणून!"

थोडा वेळ पाहिलं तिनं. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

"चालू करा आता. पुढं जाऊ द्या त्याहीले."