वैजनाथरावांची अडलेली पहाट

पहाट करावी तर वैजनाथरावांनीच, हे पुण्यातल्या सगळ्या हौशी नाटक मंडळींना मान्य होतं. चौतीस वर्षं ते रंगमंचावर उजेड पाडत आले. दिवे कमी-जास्त करणाऱ्या डिमरची मूठ इतकी सावकाश फिरवत, की उजाडलं कधी ते प्रेक्षकांना कळतसुद्धा नसे.

गेल्या वर्षी मात्र उजव्या अंगावरून वारं गेलं. बाकी सगळं सावरलं, हाताचा कंप तेवढा राहिला. मुठीवर हात ठेवला की पहाट लुकलुकायला लागे.

लेक कादंबरी खराडीला आयटी कंपनीत होती. तिनं तळहाताएवढा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड आणला; कडेला वायरी खोचायची छिद्रं, शून्यापासून आकडे घातलेली. "बाबा, लॅपटॉपवर मी प्रोग्राम लिहिते. केबल लावून तो या बोर्डात चढवायचा. मग बटण दाबलं की तीन मिनिटांत आपोआप उजाडेल." दिव्यांची जोडणी अर्थातच वैजनाथरावांनी स्वतः केली.

रविवारी सकाळी येरवड्याच्या हॉलमध्ये तालीम होती. स्पर्धा शुक्रवारी. कादंबरीनं प्रोग्राम पाठवला, बोर्डानं घेतला नाही. केबल बदलली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. यादीतून बोर्डाचं नाव नव्यानं निवडलं. दरवेळी तीच लाल ओळ: चढवता आला नाही.

दिग्दर्शक श्यामसुंदर घड्याळाकडे बघत म्हणाले, "काय हो वैजनाथराव, सूर्य आज साप्ताहिक सुट्टीवर का?"

"येईल. मेकअपला बसलाय."

"बारापर्यंत आला तर आपला. नाहीतर दुसरा प्रकाशवाला बोलावतो. वाईट वाटून घेऊ नका, स्पर्धा आहे."

वाईट वाटून घेऊ नका म्हणजे काय, हे नाटकातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एकदा दुसरा माणूस त्या खुर्चीत बसला, की शुक्रवारनंतरही तोच बसणार.

"बोर्डच खराब असेल, बाबा. बदलून आणू?" कादंबरी रडवेली झाली.

"थांब. पुन्हा पाठव. लॅपटॉपकडे तू बघ, मी दिव्यांकडे बघतो."

तिनं पाठवलं. सहा दिव्यांपैकी पाच मख्ख. एक नंबरचा मात्र फडफडला आणि थांबला.

"परत."

परत फडफडला.

"कादंबरी, तू बोर्डाला जे सांगतेस ना, ते माझा दिवा ऐकतोय. प्रॉम्प्टरनं नटाला शब्द द्यावा आणि विंगेतल्या माणसानंच तो गिळावा, तसं चाललंय. एक नंबर कुठे लावलाय मी?"

"शून्याच्या छिद्रात. दुसरा एकच्या. तुम्हीच म्हणालात, पहिल्यापासून ओळीनं लिही म्हणून."

म्हणाले होतेच. त्यांना दिवे शिकवणाऱ्या धोंडिबा मिस्त्रींचा दंडक होता: पहिली जागा रिकामी ठेवायची नाही, प्रयोगाला अपशकुन होतो. चौतीस वर्षांत वैजनाथरावांनी तो एकदाही मोडला नव्हता.

कादंबरीनं फोनवर बोर्डाचा नकाशा उघडला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, ही दोन छिद्रं म्हणजे याचे कान आणि तोंड! केबलमधून येणारं सगळं इथूनच आत जातं. मी नुसती प्रोग्रामवाली, मला कुठलं हे ठाऊक!"

"आणि मी त्याच्या कानात दिवा कोंबला." वैजनाथरावांनी वरती बघून हात जोडले. "धोंडिबा, आज तुमचा शब्द मोडतो. रागावू नका."

थरथरत्या हातानं दोन वायरी काढून पुढच्या रिकाम्या छिद्रांत बसवायला चांगली पाच मिनिटं लागली. कादंबरी मदतीला वाकली, तर त्यांनी कोपरानं तिला दूर सारलं. तिनं प्रोग्राममधले दोन आकडे बदलले आणि तो पाठवला. लाल ओळ आली नाही.

"घेतला, बाबा!"

श्यामसुंदरांनी खिडक्यांचे पडदे ओढायला सांगितले. वैजनाथरावांनी बटण दाबलं आणि सवयीनं हात मुठीकडे गेला. तिथं करायला काही नव्हतं. तेव्हा ते उठले आणि हॉलच्या मधोमध एका खुर्चीत जाऊन बसले. निळसर काळोखातून तांबडं फुटलं, मग रंगमंचाच्या कडा दिसल्या, मग झोपलेल्या नटाचा चेहरा. कुठे हिसका नाही, घाई नाही.

"शुक्रवारी पाचला या. उशीर नको," श्यामसुंदर मागून म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळच.

वैजनाथरावांनी मान डोलवली, पण नजर हलवली नाही. आपली पहाट समोरून कशी दिसते, हे ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते.